लिस्बनला पहिल्यांदा जाताय? चार रात्रींचा बेत असा आखा

मी वसईची. किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये शाळेची सहल जायची, कमानींच्या सावलीत आम्ही डबे खायचो. हे ज्या पोर्तुगिजांनी बांधलं त्यांचं शहर एकदा बघायचं, हे तेव्हापासून मनात होतं. शेवटी आईला घेऊन लिस्बनला गेले. आईचं वय ६८, गुडघे दुखरे, खाणं शाकाहारी. ठरवल्यापासून विमानात बसेपर्यंत पाच महिने गेले आणि त्यातले दोन नुसत्या गोंधळात गेले. तुमचे तेवढे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधीच सांगते, लिस्बनचा बेत दोन गोष्टींभोवती आखायचा असतो: सोमवार आणि चढ. हॉटेल, तिकिटं, जेवण हे सगळं त्यानंतर.

१. तारखा ठरवा, आणि सोमवार कुठे येतो ते बघा

मार्च ते मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस असतो, आणि ओल्या लिस्बनमध्ये चालणं किती अवघड ते पुढे येईलच. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही. १२ जूनच्या रात्री संत अँथनीचा उत्सव असतो, गल्लोगल्ली सार्डिन भाजतात. तरुण मंडळींनी जरूर जावं, पण वयस्कर माणूस बरोबर असेल तर ते दिवस टाळा.

चार रात्री पुरतात. तीनमध्ये धावपळ होते.

आता सोमवारचं. जेरोनिमुश मठ आणि बरीचशी सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. आम्ही रविवारी रात्री पोचलो आणि सोमवारी सकाळी उत्साहाने थेट मठाच्या भागात, बेलेंला गेलो. मठाचं दार बंद. आई समोरच्या बागेतल्या बाकावर बसली आणि मी फोनवर नव्याने बेत आखत राहिले. एक अख्खी सकाळ गेली. सोमवार जुन्या वस्तीत फिरायला ठेवा. आल्फामाच्या गल्ल्यांना सुट्टी नसते, आणि तिथला किल्लाही सोमवारी उघडा असतो.

२. व्हिसा: इथे घाई करू नका

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. युके-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही, पासपोर्ट भारतीय असेल तर लागतोच. तिथल्या राहण्याच्या परवान्यावर चालत नाही. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही वेळा ४५ पर्यंत जातात. म्हणून मी म्हणेन, तीन महिने आधी अर्ज हातावेगळा करा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं.

अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे. तीन रात्री लिस्बन आणि पाच रात्री पॅरिस असेल, तर अर्ज फ्रान्सचा. दोन्हीकडे सारख्याच रात्री असतील, तर जिथे आधी उतरणार त्या देशाचा.

कागदपत्रं:

- पासपोर्ट: गेल्या १० वर्षांत दिलेला, परतल्यानंतर किमान ३ महिने चालणारा, किमान २ कोरी पानं असलेला. जुने पासपोर्ट असतील तर तेही जोडीला.
- भरून सही केलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिमीचे अलीकडचे फोटो.
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.
- जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण आणि सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग.
- बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा.
- नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, धंदा असेल तर त्याची नोंदणी, निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद.
- खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल तर तसं पत्र आणि नात्याचा पुरावा.
- कव्हर लेटर, त्यात कुठल्या दिवशी कुठे हा साधा तक्ता.

यातला सर्वांत मोठा सापळा आपल्या नावांचा. आपल्याकडे नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तीन पदरी पद्धत. आईच्या पासपोर्टवर तिन्ही होती, बँकेत दोन, आणि एजंटाने काढलेल्या विम्यात नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. तो विमा पुन्हा काढावा लागला, अपॉइंटमेंट हुकली आणि पुढची तीन आठवड्यांनंतरची मिळाली. रात्री सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरा आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. विमा आणि विमानाचं तिकीट पासपोर्टप्रमाणेच हवं. बँकेचं जमत नसेल तर कव्हर लेटरमध्ये दोन ओळींत खुलासा करा.

दुसरा सापळा म्हणजे अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम टाकणं. अचानक आलेले दोन लाख शंका निर्माण करतात. एफडी मोडली असेल तर तिची पावती जोडा. तिसरी गोष्ट, व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. ते ५९ महिने ग्राह्य धरतात. पासपोर्ट परत आला की स्टिकरवर तारखा, दिवसांची संख्या आणि किती वेळा प्रवेश हे तिथेच तपासा. मधे लंडनला जाऊन परत येणार असाल, तर एका प्रवेशाचा व्हिसा चालणार नाही.

३. विमान

बहुतेकांना दुबई, इस्तंबूल, फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलावं लागतं. फ्रँकफर्ट-पॅरिसमार्गे गेलात तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, लिस्बनला नाही. ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे नोंदवायची पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, रांग हलायला वेळ लागतो. मधे तीन तास तरी ठेवा. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त मिळतं, पण ते घेऊ नका.

४. राहायची जागा: फोटोवर भाळू नका

लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं, आणि ते पायांना लगेच कळतं. आल्फामातली खिडकीत कुंड्या असलेली घरं फोटोत फार गोड दिसतात. पण तिथल्या अनेक गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या, टॅक्सी दारापर्यंत जात नाही, आणि जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. बॅग उचलून शंभर पायऱ्या चढायची तयारी असेल तरच तिथे राहा.

वयस्कर मंडळी किंवा लहान मुलं असतील तर दोनच जागा सुचवेन. एक बाइशा, म्हणजे नदीकाठचा सपाट भाग. दुसरी साल्दान्या, विमानतळाच्या मेट्रो लाइनवरच असलेला नवा भाग, जिथे लिफ्टवाल्या इमारती मिळतात. आम्ही साल्दान्याला राहिलो आणि आईने त्याबद्दल मला रोज दुवा दिला.

बुकिंग करण्यापूर्वी लिफ्ट आहे का हे लेखी विचारा. शहर कर माणशी रोज ४ युरो असतो, तो बऱ्याचदा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. १३ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

५. विमानतळ ते शहर, आणि प्रवासाचं कार्ड

विमानतळाच्या दारातच मेट्रोची लाल लाइन. बाइशाला जायचं तर आलामेडा स्टेशनवर हिरवी लाइन पकडा. नावं वाचताना एक लक्षात ठेवा, एक्स हे अक्षर इथे ‘श’ होतं. पाटीवर दिसतं ते आणि कानावर पडतं ते वेगळं असतं, घाबरू नका.

मशीनवर ‘नावेगान्त’ कार्ड घ्या. नुसतं कार्ड अर्ध्या युरोचं, आणि माणशी एक लागतं, दोघांत एक चालत नाही. त्यावर २४ तासांचं तिकीट भरलं की मेट्रो, बस, ट्रॅम सगळं चालतं, खर्च साधारण ७ युरो. बेलें आणि शहराबाहेरचं सिंत्रा दोन्ही करणार असाल तर ‘लिस्बोआ कार्ड’चा हिशोब मांडून बघा. त्यात मठाचा प्रवेश आणि सिंत्राची लोकलही येते. मात्र कार्ड असलं तरी रांग टळतेच असं नाही.

६. चढ कसे टाळायचे

नियम सोपा: वर जाताना वाहन, खाली येताना पाय.

किल्ल्यावर जायला फिगैरा चौकातून ७३७ नंबरची बस आहे. बाइशातून शियादोला चढायचं तर बाइशा-शियादो मेट्रो स्टेशनात खालच्या दाराने शिरा आणि एकामागून एक सरकत्या जिन्यांनी वरच्या चौकात निघा. अख्खी टेकडी पायांना न कळता पार होते. उतारावर दोराने ओढले जाणारे छोटे डबे, म्हणजे फ्युनिक्युलर, मात्र बेतात धरू नका. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया फ्युनिक्युलरला भीषण अपघात झाला, १६ जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर ही सेवा थांबवली गेली. जाण्यापूर्वी सद्यःस्थिती बघून घ्या.

बुटांबद्दल. फुटपाथ मुठीएवढ्या चुनखडीच्या दगडांचे, एकेक दगड हाताने बसवलेला, पांढऱ्यावर काळी नक्षी. बघायला रांगोळीसारखे. पण शेकडो पावलांनी ते आरशासारखे गुळगुळीत झालेत, आणि पावसाची एक सर आली की त्यावर पाय ठरत नाही. आईच्या चपला पहिल्याच दिवशी बॅगेत गेल्या. रबरी, खाचा असलेल्या तळव्याचे वापरलेले बूट घ्या. नवे कोरे नकोत.

७. दिवस असे लावा

*पहिली संध्याकाळ, बाइशा.* सपाट, सोपं. १ नोव्हेंबर १७५५ला भूकंप, त्सुनामी आणि आग अशा तिहेरी संकटात हे शहर कोसळलं. राजाचा मंत्री मार्केझ द पोंबाल याने ते काटकोनी रस्त्यांत नव्याने उभं केलं. म्हणून हा भाग पाटीवर चौकोन आखल्यासारखा सरळ आहे. नदीकाठच्या भव्य चौकात, प्रासा दु कोमेर्सिउमध्ये, जरा थांबा. इथे राजवाडा होता आणि ‘काझा दा इंडिया’, म्हणजे गोव्याहून आलेल्या मालाचा सगळा कारभार बघणारी कचेरी होती. भूकंपात दोन्ही गेलं. शियादोला चढलात की कार्मोचा मठ बघा. त्याचं छप्पर भूकंपात पडलं ते पुन्हा घातलंच नाही. उघड्या कमानींतून आभाळ दिसतं. तिथे उभी राहिले आणि मला थेट वसईच आठवली. (हा मठ रविवारी बंद.)

*पूर्ण दिवस, बेलें.* सोमवार सोडून. १५ नंबरची ट्रॅम किंवा कैश दु सोद्रेहून लोकल. मठ उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचा, तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. मठाचं काम १५०१मध्ये राजा मनुएल पहिला याच्या काळात सुरू झालं आणि जवळजवळ शंभर वर्षं चाललं. दगडात दोरखंड, गाठी, शंख-शिंपले कोरलेत. अंगणाच्या कमानींखाली तासभर नुसतं बसावं. शेजारच्या चर्चमध्ये दारापाशीच डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी आहे, तिच्यावर जहाज कोरलंय. तो १५२४मध्ये कोचीला वारला, अवशेष नंतर इकडे आणले.

तिथून बेलेंच्या बुरुजापर्यंत चालत जा. बुरूज दुरुस्तीसाठी बंद असतो कधी, पण आपल्याला जे बघायचं ते बाहेरूनच दिसतं. पश्चिमेकडच्या एका छोट्या टेहळणी-बुरुजाच्या तळाशी झिजलेलं एक डोकं आहे. तो गेंडा. गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला, गोव्याहून जहाजात चढवला आणि मे १५१५मध्ये तो लिस्बनला उतरला. पोर्तुगिजांनी नावही आपलंच ठेवलं: ‘गंडा’. शिंग झिजलंय, नाक झिजलंय, चटकन ओळखू येत नाही. पण एकदा ओळखू आला की आपल्याकडचं कुणी पाचशे वर्षं तिथे उभं आहे असं वाटतं. परतताना राष्ट्रपती भवनासमोरच्या चौकात उंच खांबावर अफोन्सो द आल्बुकर्क दिसेल. गोवा जिंकणारा हाच, आणि आपल्या हापूसच्या नावातही हाच.

*पूर्ण दिवस, आल्फामा आणि किल्ला.* सकाळी ९च्या आत बाहेर पडा. किल्ल्यावरून सुरुवात, मग उतरत उतरत पोर्ताश दु सोल आणि सांता लुझिया या दोन सज्जांकडे. सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचं एक मोठं चित्र आहे, लोक त्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. ते भूकंपापूर्वीच्या राजवाड्याच्या चौकाचं आहे. पहिल्या संध्याकाळी तुम्ही जिथे उभे होतात तीच जागा, पण हरवलेली. मी हे चित्र चौक बघून आल्यानंतर बघितलं म्हणून कळलं. तुम्हीही तोच क्रम ठेवा.

२८ नंबरच्या पिवळ्या ट्रॅमचा सगळ्यांनाच मोह होतो. दुपारी तिच्या एका टोकाच्या थांब्यावर, मार्तिम मोनिझला, तासाभराची रांग असते. सकाळी लवकर, दुसऱ्या टोकाहून, कांपु द ओरीकहून बसा, खिडकी मिळते. गर्दीतल्या ट्रॅममध्ये पाकीटमार असतात. माझ्या पाठीवरच्या सॅकची चेन एका प्रवासात दोनदा उघडलेली सापडली. सॅक पोटावर घ्या, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, फोटोकॉपी जवळ.

८. सिंत्रा: जायचं की नाही?

गुडघे ठीक असतील तर जा. रोसियो स्टेशनवरून लोकल, ४० मिनिटं. पेना राजवाड्याच्या तिकिटावर वेळ असते ती आत शिरायची. बागेच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंत चढण चढायला अर्धा तास लागू शकतो. फाटकावर वेळेवर पोचूनही अनेकांचा स्लॉट चुकतो तो यामुळेच. एका दिवसात दोनच ठिकाणं धरा. आम्ही सिंत्रा सोडलं, त्या दिवशी प्राचीन कला संग्रहालयात गेलो, आणि आईला तो दिवस सर्वांत आवडला.

९. खाणं

हॉटेलात बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, मग त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

शाकाहारी लोकांनी ‘काल्दु वेर्द’ या हिरव्या सूपपासून सावध राहा, त्यात बहुधा सॉसेजची चकती असते. ‘सोपा द लेगुमेश’ मागा आणि तरी विचारा: ‘सें कार्न, सें पैश?’ म्हणजे मांस-मासा नाही ना. चहाच्या दुकानांत ‘शामुसा’ दिसेल, तो आपलाच सामोसा, पण आत मांस असण्याची शक्यता मोठी. मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय किराणा मिळतो. आम्ही तिथून पोहे आणले. मासे खाणाऱ्यांनी बाकालयाव जरूर खावा, खारवून वाळवलेला कॉड. आमच्याकडे सुक्या मासळीचा वास ओळखीचा, त्यामुळे मला तो पहिल्या घासालाच आवडला.

मेनू वाचताना एक आनंद मिळतो तोही सांगते. पाव तिथे ‘पांव’, बटाटा ‘बताता’, कोबी ‘कोव’, अननस ‘अनानाश’. हॉटेलवालीने चावी देताना ‘शाव’ म्हटलं तेव्हा आई दचकून माझ्याकडे बघायला लागली. त्यानंतर चार दिवस ती असे शब्द वहीत लिहून ठेवत होती.

आभार मानताना बाईने ‘ओब्रिगादा’ आणि पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणायचं.

१०. पैसे आणि बारीकसारीक

कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी ५०-६० युरो रोख ठेवा. मशीनवर ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं तर नेहमी युरोत. रुपयांचा दर तोट्याचा असतो. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटली भरून घ्या. आपला तीन जाड पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अ‍ॅडाप्टर घरूनच न्या. आणीबाणीचा नंबर ११२.

११. परतीचा दिवस

लिस्बनहून थेट दुबई किंवा इस्तंबूलचं विमान असेल, तर पासपोर्टची रांग सुरक्षा तपासणीनंतर लागते आणि ती लांब असते. तीन तास आधी पोचा, दुकानांत रेंगाळण्यापूर्वी ती रांग पार करा.

नाता, म्हणजे तिथले कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट, घेऊन येणार असाल तर शेवटच्या सकाळी घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. त्यात अंड्याचा बलक असतो, घरच्यांना आधी सांगा. दालचिनी आणि पिठीसाखरेच्या पुड्या वेगळ्या मागून घ्या. घरी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कवच मऊ पडतं. तवा मंद आचेवर तापवून, झाकण न ठेवता पाच मिनिटं ठेवले की पुन्हा कुरकुरीत होतात.